किरकोळ पापाचा महिमा

मोठं पाप करायला फार तयारी लागते. धैर्य लागतं, भांडवल लागतं, साथीदार लागतात आणि पुढे वकील लागतो. शिवाय ते रोज करता येत नाही. किरकोळ पापाचं तसं नाही. ते गरिबाला परवडतं, म्हाताऱ्याला झेपतं, लहान मुलांना न शिकवता येतं. सकाळी वर्गणीवाल्याला "साहेब घरी नाहीत" असं सांगण्यापासून रात्री "बघा, निघालोच आहे" असा निरोप सोफ्यावर पडून पाठवण्यापर्यंत ते दिवसभर पुरतं. इतकी सर्वसमावेशक दुसरी गोष्ट आपल्याकडे उरलेली नाही. तरीही तिचा जाहीर सत्कार कुणी केल्याचं ऐकिवात नाही. मूर्खपणाला निदान इरॅस्मस हा पंडित भेटला. १५०९ साली थॉमस मोरच्या घरी मुक्कामाला असताना त्याने मूर्खपणाच्याच तोंडून मूर्खपणाची स्तुती वदवली आणि १५११मध्ये ती छापून निघाली. किरकोळ पाप मात्र पोरकंच राहिलं. त्याच्यासाठी हा चार ओळींचा प्रयत्न.

इंग्रजीत या पापासाठी एक खास विशेषण आहे: 'व्हीनियल'. लॅटिनमध्ये 'व्हेनिया' म्हणजे क्षमा, त्यावरून ते आलं. रोमन कॅथलिक धर्मशास्त्रात पापाचे दोन वर्ग आहेत. आत्म्याला ठार मारतं ते 'मॉर्टल' आणि नुसतं जखमी करतं ते 'व्हीनियल'. पाप वरच्या वर्गात बसायला तीन अटी लागतात: विषय गंभीर हवा, करणाऱ्याला त्याची पूर्ण जाणीव हवी आणि त्याची मनापासून संमती हवी. यातली एक जरी अट ढिली पडली तरी पाप खालच्या वर्गात उतरतं. अडकायला तीन अटी आणि सुटायला एकच फट, अशी ही रचना आहे. ज्यांनी ती केली त्यांना आमच्या गृहनिर्माण संस्थेचे उपविधी लिहायला मिळाले असते तर पार्किंगचा प्रश्न कधीच मिटला असता.

पुढची सोय त्याहून मोठी. वर्षातून एकदा तरी पापाची कबुली द्यावी, असं १२१५च्या लॅटरन परिषदेने ठरवलं होतं. पण १५५१ साली ट्रेंटच्या परिषदेने खुलासा केला की गंभीर पापं एकूण एक सांगितलीच पाहिजेत, किरकोळ पापं सांगितली तर उत्तम, न सांगितली तरी दोष नाही. देवाच्या दरबारात अशी सवलत मिळते हे पाहून मला आपल्या आयकर विवरणपत्राची कीव येते.

आता कुणी विचारेल, किरकोळ म्हणजे नेमकं किती? हा प्रश्न सामान्य माणसाने विचारला तर त्याला चिकित्सक म्हणतात, शास्त्र्याने विचारला तर ग्रंथ होतो. चोरीच्या बाबतीत कॅथलिक नीतिशास्त्रींनी साधारण एका दिवसाच्या मजुरीचं माप धरलं होतं. तेही कुणाचं चोरलं ते पाहून. भिकाऱ्याची दिवसाची भाकरी पळवली तर रक्कम थोडी असली तरी पाप गंभीर; गडगंज श्रीमंताच्या खिशातून तेवढंच उचललं तर किरकोळ. या विचारात मला एकच उणीव दिसते. ती म्हणजे तो न्याय्य आहे. म्हणूनच तो व्यवहारात कुठे टिकला नाही.

मग हुशार विद्यार्थ्याला सुचावी तशी एक शंका पुढे आली. रोज थोडं थोडं चोरलं तर? प्रत्येक चोरी किरकोळ, मग सगळ्यांची बेरीजही किरकोळच नाही का? काही उदार पंडितांचा कल असा होता की लहानसहान चोऱ्यांची एकूण रक्कम कितीही झाली तरी ती परत करण्याची गंभीर बांधिलकी माणसावर नाही. पोप अकरावे इनोसंट यांना हे रुचलं नाही. १६७९ साली त्यांनी पासष्ट सैल विधानांचा निषेध केला, त्यात हेही होतं. नाव इनोसंट, म्हणजे निष्पाप. अशा माणसाला या विषयातलं काय कळणार? हप्त्याने चोरी करण्याचा हा विचार युरोपात तिथेच खुंटला. आमच्याकडे तो रस्त्याच्या डांबरात, पोषण आहाराच्या तांदळात आणि पेट्रोलपंपाच्या मीटरमध्ये अजून जिवंत आहे. आपण जुन्या विद्या टाकत नाही.

पण किरकोळ पापाची खरी बहार उपवासात. अमेरिकेतून चॉकलेट युरोपात आलं तेव्हा ते पेय होतं, आणि इतकं रुचकर होतं की धर्मसंकट उभं राहिलं. उपासाच्या दिवशी ते प्यावं का? पेयाने उपास मोडत नाही, हा संकेत जुना. पण हे पेय चांगलं दाट, पौष्टिक, पोटभरीचं. १६३६ साली आंतोनियो दे लेओन पिनेलो या स्पॅनिश विद्वानाने याच प्रश्नावर माद्रिदमध्ये अख्खा ग्रंथ छापला. पुढे १६६४च्या सुमारास कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी रोममधून निर्वाळा दिला की चॉकलेट हे पेय, आणि पेयाने उपास मोडत नाही. लोक सुटकेचा निःश्वास टाकून प्यायले.

हे वाचून हसणाऱ्या मराठी माणसाने आपल्या उपासाच्या ताटाकडे पाहावं. बटाटा दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा तिकडचाच, मिरची तिकडची, रताळं तिकडचं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओकाही तिकडचा. हल्ली साबुदाण्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमच्या आसपास आहेत. इतकंच काय, ज्याच्या नावात राजा आहे तो राजगिराही मूळचा अमेरिकेचा. स्मृतिकारांनी उपासाला काय वर्ज्य ते ठरवलं तेव्हा यातला एकही पदार्थ त्यांनी पाहिला नव्हता. न पाहिलेल्या गोष्टीवर बंदी घालणार कशी? या एका तांत्रिक फटीतून सबंध साबुदाण्याची खिचडी, वर तुपाची धार, बाजूला बटाट्याची भाजी, आणि नंतर रताळ्याचा कीस आत आला. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' असं आपणच आपल्याला चिडवतो. पण ते चिडवणंही खिचडीचा दुसरा घास घेताना. चॉकलेट आणि साबुदाणा एकाच गोलार्धातून आले आणि दोन वेगळ्या धर्मांत एकाच दाराने शिरले. सर्वधर्मसमभावाचं याहून चविष्ट उदाहरण माझ्या माहितीत नाही. पिनेलोने चॉकलेटवर ग्रंथ लिहिला. साबुदाण्यावर आपल्याकडे तसा वादही झाला नाही, हे आपल्या सहिष्णुतेचं लक्षण.

अर्थात रसभंग करणारे सगळीकडे असतात. फ्रान्समध्ये ब्लेझ पास्काल नावाचा गणिती होता. १६५६-५७मध्ये त्याने टोपणनावाने अठरा पत्रं लिहून जेझुइट या कॅथलिक पंथातल्या पंडितांच्या असल्या कारागिरीची टिंगल केली. द्वंद्वयुद्ध खेळणं पाप. पण ठरल्या वेळी मैदानात सहज फिरायला गेलं, आणि समोरून कुणी तलवार उपसलीच, तर स्वसंरक्षण करायला काय हरकत? मनात हेतू फक्त फिरण्याचा असावा. तसंच "मी हे केलं नाही" असं शपथेवर सांगावं आणि मनातल्या मनात "जन्माला येण्यापूर्वी" एवढं जोडावं. खोटं बोलल्याचं पाप नाही. पास्कालला यात फसवणूक दिसली. मला दूरदृष्टी दिसते. निवडणुकीच्या वेळी मतदारसंघात सहज दर्शनाला येणारे नेते, आणि "माझ्या माहितीप्रमाणे" या दोन शब्दांनी सुरू होणारी प्रतिज्ञापत्रं, या दोन्हींची सोय त्या पंडितांनी साडेतीनशे वर्षं आधी करून ठेवली होती.

यात आपण मागे होतो असं कुणी समजू नये. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला तेव्हा धर्मराजाने 'नरो वा कुंजरो वा' म्हणताना 'कुंजर' हळू म्हटला, तोही मनातला शेवट जोडण्याचाच प्रकार. त्याला शिक्षा काय झाली? चार बोटं अधांतरी चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकला. आपली वाहनं मुळातच जमिनीवरून चालत असल्यामुळे आपल्याला ही शिक्षा लागू होत नाही. खड्ड्यांमुळे कधी कधी ती जमिनीच्याही खाली जातात, पण त्याचं कारण वेगळं आहे.

रसभंग करण्यात इंग्रज धर्मपंडित जॉन हेन्री न्यूमन तर पास्कालच्याही पुढे गेला. १८५०मध्ये त्याने व्याख्यानात मांडलं की कॅथलिक चर्चच्या मते चंद्र-सूर्य कोसळले, पृथ्वी नष्ट झाली, कोट्यवधी माणसं उपाशी तडफडून मेली तरी चालेल, पण एका माणसाने एक किरकोळ पाप करू नये, जाणूनबुजून एक थाप मारू नये, एक दमडी चोरू नये. पुढे चर्चने त्याला कार्डिनल केलं. असा माणूस आपल्याकडे ग्रामपंचायतीलाही निवडून आला नसता.

इथे भाषेचा एक चमत्कार सांगितला पाहिजे. इंग्रजीत 'व्हीनियल'चा एक सख्खा शेजारी आहे: 'व्हीनल', म्हणजे पैशाने विकत घेता येणारा, लाचखाऊ. इंग्रजी शिकणारे लोक हे दोन शब्द हटकून एकमेकांत मिसळतात. शिक्षक त्याला चूक म्हणतात. सरकारी कचेरीत चकरा मारलेला माणूस त्याला निरीक्षण म्हणेल. दोन्हींच्या स्पेलिंगमध्ये फरक फक्त 'आय' या एका अक्षराचा. लाचखाऊमध्ये तो 'आय' घातला की क्षम्य होतं. आणि इंग्रजीत 'आय' म्हणजे मी. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे इंग्रजांनी वर्णमालेतच बसवलं आहे.

त्या इंग्रजांना कायद्यात मात्र हे इतकं सरळ जमलं नाही, त्यासाठी त्यांना ज्यूरीची मदत घ्यावी लागली. अठराव्या शतकात राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा माल चोरणाऱ्याला फाशी होती. ज्यूरीवर बसलेल्या दुकानदारांना, सुतारांना फाशी देण्याची हौस नसायची. मग माल कितीही किमतीचा असो, ते शपथेवर त्याची किंमत एकोणचाळीस शिलिंग ठरवायचे. न्यायालयात, बायबलवर हात ठेवून, एका शिलिंगाचं खोटं. ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने या प्रकाराला पवित्र खोटी शपथ अशा अर्थाचं नावही दिलं. माझ्या सबंध स्तुतिपाठात खरोखर स्तुतीला पात्र असं किरकोळ पाप हे एवढंच, म्हणून त्याच्यावर जास्त बोलत नाही.

हिंदुस्थानात मेकॉलेने काम सोपं केलं. १८३७च्या दंड संहितेच्या मसुद्यात त्याने कबूल केलं की शब्दशः पाहिलं तर दुसऱ्याच्या दौतीत टाक बुडवणं ही चोरी आहे, घोडा दौडवत जाताना कुणाच्या अंगावर धूळ उडवणं हा हल्ला आहे, आणि गाडीत चढताना कुणाला रेटणं ही दुखापत आहे. म्हणून अपवाद करावा. तोच पुढे १८६०च्या भारतीय दंड संहितेत कलम ९५ झाला: इजा इतकी क्षुल्लक की साधारण समज आणि स्वभावाचा माणूस तक्रार करणार नाही, तर तो गुन्हा नाही. मुंबईच्या लोकलमधून सकाळी ८.५०ला दादरला उतरणारा प्रत्येक माणूस या कलमाचा ऋणी आहे. ते नसतं तर चर्चगेटला पोचेपर्यंत अर्धा डबा जामिनावर असता. याच शहरात एका इमारतीतल्या भांडणात कुणी कागदांची फाइल फेकली आणि ती कुणाच्या कोपराला लागून खरचटलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६६मध्ये तिथेही निकाल लागला की एवढंसं खरचटणं कलम ९५मध्ये बसतं, गुन्हा नाही. क्षुल्लक गोष्ट क्षुल्लक आहे हे ठरवायला सर्वोच्च न्यायालय लागलं, यात न्यायव्यवस्थेचा दोष नाही. साधारण समज आणि स्वभावाचा माणूस मुंबईत भाड्याच्या जागेत सापडणं कठीण.

एवढं सगळं वाचून कुणाला वाटेल की पापाचं वजन पापातच असतं. तसं असतं तर शास्त्री, कार्डिनल, न्यायाधीश यांना काम उरलं नसतं. वजन तराजू धरणाऱ्याच्या हातात असतं, आणि हा हात नेहमीच योग्य माणसांकडे राहिला, ही मानवजातीची पुण्याई. रोममध्ये चॉकलेटला मोकळीक देणाऱ्या याच चर्चचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, गोव्यात १५६०पासून होतं. १७३६ साली त्याने जो हुकूम काढला त्यात ख्रिस्ती झालेल्यांनी दारात तुळस लावू नये, लग्नात ओव्या म्हणू नयेत, आणि हिंदूंच्या पद्धतीने मिठाशिवाय भात शिजवू नये, असं बजावलं होतं. अनंत काकबा प्रियोळकरांच्या ग्रंथात तो सापडतो. कार्डिनलच्या कपातलं चॉकलेट हलकं, गोव्यातल्या बाईच्या मडक्यातला अळणी भात जड. मीठ घातलं असतं तर हलका झाला असता.

मनुस्मृतीचा अकरावा अध्याय याहून काटेकोर. ब्रह्महत्या हे महापातक. स्त्री, शूद्र, वैश्य आणि क्षत्रिय यांची हत्या हे उपपातक, म्हणजे खालच्या वर्गातलं. त्याच अध्यायात मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घुबड, कावळा यांना मारलं तर शूद्राच्या हत्येला सांगितलेलं प्रायश्चित्त करावं, असंही आहे. वजनं इतकी नेमकी की शंकेला जागा नाही. ज्यांचं वजन बेडकाइतकं भरलं होतं त्यांना मात्र हा तराजू मान्य नव्हता. २५ डिसेंबर १९२७ला महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्यांनी तो ग्रंथ जाळला.

पुण्यात तर चहाचंही वजन झालं. ऑक्टोबर १८९०मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यान झालं आणि नंतर चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत टिळक होते, रानडे होते, गोखले होते. कुणी चहा प्यायला, कुणी नुसता ओठाला लावला, कुणी तसाच ठेवला, असं पुढे सांगण्यात आलं. गोपाळराव जोशी यांनी सगळ्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून दिली आणि ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री नेमले गेले. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी मित्रांच्या घरच्या अडचणी पाहून १८९२मध्ये प्रायश्चित्त घेतलं. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत ते लिहून ठेवलं आहे. सुधारकांनी मग प्रायश्चित्त घेतल्याबद्दल रानड्यांना धारेवर धरलं. म्हणजे चहा पिणं हे एक पाप, त्याचं परिमार्जन हे दुसरं. एका कपाला दोन वर्षं पुरली. कपात दूध-साखर किती होती याची नोंद कुणी ठेवली नाही, पुण्याच्या इतिहासाला न शोभणारी एवढीच ती गोष्ट.

आज ग्रामण्य राहिलं नाही, पण तराजू शाबूत आहे. शेतकऱ्याचं पीककर्ज थकलं तर नोटीस येते, शेजारीपाजारी कळतं, लग्नं अडतात. कंपनीचं कर्ज थकलं तर २०१६च्या दिवाळखोरी संहितेखाली बँका सोडून देतात त्या रकमेला 'हेअरकट' म्हणतात. शब्द पाहा कसा हलका, खांद्यावरचे केस झटकावेत तसा. एवढं नाजूक नाव त्या लॅटिन पंडितांनाही सुचलं नव्हतं.

सरकारही किरकोळ पापाच्या पाठीशी आहे. कलम ९५ नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ३३ म्हणून १ जुलै २०२४पासून चालू आहे. त्याच्या आदल्या वर्षी जनविश्वास कायदा झाला. त्याने ४२ केंद्रीय कायद्यांतल्या १८३ तरतुदी सौम्य केल्या. छोट्या चुकांसाठी कुणाला तुरुंगात पाठवू नये, हा उदात्त हेतू. त्या यादीत औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचं कलम २७(ड) आहे. दर्जाला न उतरणाऱ्या औषधांची प्रकरणं बहुधा याच कलमाखाली येतात. तो गुन्हा आता रक्कम भरून मिटवता येतो. तेव्हा पुढच्या वेळी तापाची गोळी घेऊनही ताप उतरला नाही, तर कृपा करून आरडाओरडा करू नका. पाकीट जपून ठेवा, त्यावरचा बॅच क्रमांक उतरून घ्या आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या.